नमणे आणि कोसळणे

ज्या विद्येचे पूर्ण नाव 'ताइचीच्वान' असे आहे, ती चीनबाहेर बहुधा 'ताइची' एवढ्याच नावाने ओळखली जाते. 'च्वान' या शब्दाचा मूळ अर्थ मूठ, आणि त्यावरून मुष्टियुद्ध. नाव प्रवासाला निघाले तेव्हा त्यातील मूठ मागे राहिली, ही गोष्ट केवळ उच्चाराच्या सोयीची नाही. पहाटेच्या वेळी उद्यानात संथपणे हात फिरविणारे वृद्ध स्त्रीपुरुष, कुठेही घाई नाही, कुठेही आघात नाही, असे जे चित्र जगाच्या मनात स्थिर झाले आहे, त्यात मुठीला जागाच नाही. या चित्राला इतिहासाचा आधारही आहे. यांग घराण्यात या विद्येला सम गतीचे, विस्तृत आणि शांत हालचालींचे रूप येत गेले. यांग चेंगफू (१८८३–१९३६) यांनी ते स्थिर केले. आणि १९५६ मध्ये चीनच्या शासकीय क्रीडा आयोगाने त्याच परंपरेतून २४ हालचालींचा एक सुलभ क्रम बांधून तो लोकारोग्यासाठी सर्वदूर पोहोचविला.

परंतु या प्रवाहाच्या उगमाकडे गेले की दृश्य पालटते. हेनान प्रांतात, पीत नदीच्या उत्तरेस, वेन जिल्ह्यात चेनजियागौ नावाचे खेडे आहे. सतराव्या शतकात होऊन गेलेल्या चेन वांगतिंग या लढवय्याकडे तेथील चेन घराणे आपल्या विद्येचे जनकत्व देते. याच खेड्यात चेन चांगशिंग (१७७१–१८५३) यांच्याजवळ यांग लुचान (१७९९–१८७२) हा परघराण्यातील विद्यार्थी शिकला आणि पुढे बीजिंगला जाऊन त्याने स्वतःच्या घराण्याची परंपरा सुरू केली. म्हणजे मृदुतेसाठी विख्यात झालेली शाखा ज्या मुळातून फुटली, ते मूळ अजून जिवंत आहे, आणि ते तितकेसे मृदू नाही. तेथील जुन्या क्रमात संथ हालचालींमध्येच अकस्मात ठोसा फुटतो, पाय जमिनीवर आपटला जातो, शरीर उडी घेते आणि जमिनीलगत बसते. त्याच्या जोडीला असलेला दुसरा क्रम तर तोफेच्या नावानेच ओळखला जातो.

येथे जो प्रश्न उभा राहतो तो व्यायामशास्त्राचा नाही, नीतीचा आहे. ज्याला नमणे शिकावयाचे आहे, त्याने आघात का शिकावा? बलाची साधना माणसाला हिंसेकडे नेते, असा एक जुना संशय आहे. आणि बलावाचून मृदुता म्हणजे दुबळेपणाचे शोभिवंत नाव, असा दुसरा. हे दोन्ही संशय सहजासहजी टाकून देण्याजोगे नाहीत. ही विद्या शिकणाऱ्याच्या शरीरात जे घडते, त्याच्या आधारे त्यांचा विचार करता येतो.

चेन घराण्याच्या जुन्या पहिल्या क्रमात गणनेच्या पद्धतीनुसार सुमारे ७५ हालचाली आहेत. त्यांतील पहिल्या मुख्य हालचालीचे नाव 'वज्रधर रक्षक उखळात कांडतो' असे सांगता येईल. नावातील 'जिनगांग' हा शब्द संस्कृत 'वज्र' या शब्दासाठी चिनी बौद्धांनी योजलेला आहे. वज्र धारण करणारे द्वारपाल बौद्ध धर्माबरोबर भारतातून चीनमध्ये गेले. त्यांचा एक पूर्वज अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील वज्रपाणीच्या चित्रात पाहावयास मिळतो. या हालचालीच्या अखेरीस उजवी मूठ डाव्या तळहातात उतरते आणि त्याच क्षणी उजवा पाय जमिनीवर पडतो. दुरून पाहणाऱ्याला ते आपटणे वाटते. शिकणाऱ्यालाही आरंभी तसेच वाटते, आणि म्हणून तो आपटतो. आवाज मोठा होतो, गुडघा दुखतो, आणि गुरू मान हलवितो. पाय आपटावयाचा नसून सोडावयाचा आहे, उचललेला भार स्वतःच्या वजनाने खाली जाऊ द्यावयाचा आहे, हे कळण्यास काहींना महिने लागतात, काहींना वर्षे.

शिक्षणाची रीत कठोर आहे. गुरू शिष्याला एका स्थितीत उभा करतो आणि हाताने त्याची कंबर, खांदा, कोपर योग्य जागी आणतो. त्या स्थितीत काही क्षण गेले की मांड्या थरथरू लागतात. त्या वेदनेतून सुटण्यासाठी शिष्य नकळत खांदे उचलतो, श्वास कोंडतो, दात आवळतो. आणि गुरू पुन्हा तेच सांगतो: सैल सोड. जेथे ताकद लावावीशी वाटते नेमके तेथेच सैल सोडावयाचे, ही आज्ञा प्रथम विसंगत वाटते. पुढे कधीतरी ठोशाचा सराव करताना तिचा अर्थ उलगडतो. ओले धोतर झटकल्यावर त्याच्या टोकाशी जो फटकारा उमटतो, तो कापड ताठ असल्यामुळे उमटत नाही. टाचेतून निघालेला जोर मांडीतून कमरेत, कमरेतून पाठीत आणि तेथून मुठीत पोहोचावा लागतो. वाटेत एखादा सांधा आवळलेला असेल तर तो तेथेच अडतो. रेशीमकोशातून धागा ओढावा तशा पिळदार, अखंड हालचालींचा जो अभ्यास या परंपरेत केला जातो, त्याचा उद्देश हा मार्ग मोकळा करणे हाच असतो.

येथे बलाच्या साधनेचा पहिला नैतिक अनुभव येतो. शिकणारा ताकद मिळविण्यासाठी आलेला असतो. त्याला आढळते की ताकद अपुरी नव्हती, ती अडली होती; आणि अडविणारा तो स्वतःच होता. खांद्यातील आवळलेपणा हा बहुधा भीतीचा अवशेष असतो, तर कधी दाखविण्याच्या इच्छेचा. जो माणूस आपल्या बळाविषयी साशंक असतो तो ते सतत अंगावर वागवितो, मूठ उघडत नाही. बलाची साधना हिंसेकडे नेते हा संशय अशा माणसाच्या बाबतीत खरा ठरतो. परंतु त्याची हिंसा बलातून निघत नाही, साशंकतेतून निघते. अर्थात बल लाभले म्हणजे साशंकता आपोआप जाते असेही नाही. एकट्याने केलेल्या साधनेत माणूस स्वतःला सहज फसवू शकतो. म्हणून या विद्येत दुसरा माणूस लागतो.

दोघांनी मिळून करावयाच्या या अभ्यासाला चिनी भाषेत 'थुइशोउ' म्हणतात. शब्दशः 'हात ढकलणे'. दोघे समोरासमोर उभे राहतात, मनगटाला मनगट, कोपराला तळहात टेकवितात आणि संथ वर्तुळे काढू लागतात. त्यात चार मुख्य क्रिया आहेत. रिकामी पालथी घागर पाण्यात दाबली असता ती दबते पण हाताला वर रेटत राहते, तसे भरीव राहणे ही पहिली. येणारा जोर स्वतःच्या अंगावर न घेता कडेने मागे वळवून नेणे ही दुसरी. जवळ जाऊन चेपणे ही तिसरी, आणि तळहातांनी रेटणे ही चौथी. दोघांपैकी एक रेटतो तेव्हा दुसरा वळवितो. वळविणारा वळविता वळविताच चेपू लागतो. आणि वर्तुळ उलटे फिरते. आरंभी पावले स्थिर असतात, मग पुढेमागे पडू लागतात, शेवटी मुक्त होतात. वर्तुळ फिरत असताना जो तोल गमावील त्याला दुसरा अलगद, कधी अलगद नव्हे अशा रीतीने, जागेवरून हलवितो.

या अभ्यासातील मुख्य गुणाला 'ऐकणे' म्हणतात. येथे ऐकावयाचे ते कानाने नव्हे, त्वचेने. समोरच्याचा जोर कोठून निघाला, कोठे चालला, कोठे संपणार आहे, हे स्पर्शातून जाणावयाचे. ज्याच्या हातात आपलाच हेतू भरलेला आहे, त्याला समोरच्याचा हेतू कळत नाही, हा येथील रोजचा अनुभव आहे. परंपरेने या अभ्यासातले चार दोष सांगितले आहेत: धडकणे, चेपून जाणे, सुटणे आणि अडून राहणे. त्यांकडे लक्षपूर्वक पाहिले तर माणसे एकमेकांशी वागताना जे काही चुकतात ते बहुतेक सारे या चारांत येते. भांडणात शब्दाला शब्द लावणारा धडकतो. काही न बोलता आत गिळत राहणारा चेपून जातो. दार लोटून निघून जाणारा सुटतो. ऐकून न ऐकल्यासारखा बसून राहणारा अडतो. सामान्य माणसाला संघर्षात लढणे आणि पळणे असे दोनच मार्ग सुचतात. संपर्क न सोडता, न धडकता, समोरच्याबरोबर वळत राहण्याचा तिसरा मार्ग शरीरालाच शिकवावा लागतो. नुसत्या उपदेशाने तो साधत नाही.

मराठीत 'नमते घेणे' असा वाक्प्रचार आहे, आणि महापुरात वृक्ष उन्मळतात पण लव्हाळे टिकतात हा संतपरंपरेतील दृष्टांत मराठी वाचकाच्या परिचयाचा आहे. थुइशोउतील नमणे या दृष्टांताच्या जवळचे आहे, पण तेच नाही. लव्हाळे वाकते, कारण त्याला दुसरे काही करता येत नाही. थुइशोउत वळणाऱ्याचे पाय जमिनीत रोवलेले असतात, हाताचा भरीवपणा कायम असतो, आणि वळता वळता तो समोरच्याच्या तोलाच्या मध्याकडे सरकत असतो. त्याच्या अंगी रेटण्याचे सामर्थ्य नसेल तर त्याचे वळणे म्हणजे चेपून जाणेच होय. बाहेरून दोन्ही सारखी दिसतात, तरी ढकलणाऱ्याच्या हाताला त्यांतील फरक तत्काळ कळतो. कोसळणाऱ्याच्या ठिकाणी हात सरळ आत जातो. नमणाऱ्याच्या ठिकाणी हात कोठेच पोहोचत नाही. चेन परंपरेने तो पाय, तो ठोसा, ती तोफ का जपली याचे उत्तर येथे मिळते. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याच्याच 'हो' ला अर्थ असतो. १९२० मध्ये 'यंग इंडिया'त तलवारीच्या सिद्धान्तावर लिहिताना गांधीजींनी अहिंसा आणि भ्याडपणा यांत जो भेद केला, त्याचा आशयही असाच होता. दोन्ही मार्ग एक आहेत असे मात्र नव्हे. सत्याग्रही आघात अंगावर घेतो, थुइशोउचा साधक तो वळवून देतो.

या साधनेत सर्वांत अवघड असते ते हरणे. झेंग मानचिंग (१९०२–१९७५) हे यांग परंपरेतील गुरू. वैद्य, कवी आणि चित्रकार म्हणूनही त्यांची ख्याती होती. तोटा पत्करणे ही साधकाची गुंतवणूक आहे, या विचारावर त्यांचा भर होता. याचा अर्थ ऐकण्यास सोपा आणि आचरण्यास कठीण आहे. समजा, एक धट्टाकट्टा तरुण आहे आणि त्याच्यासमोर साठीची एक स्त्री उभी आहे. ती त्याला वळविते आणि तो दोन पावले मागे जातो. दुसऱ्या खेपेस त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. खांद्याची ताकद लावली तर तो कदाचित तिला हलवू शकेल; परंतु मग तो जे पूर्वीच जाणत होता तेवढेच त्याच्यापाशी राहील. ताकद न लावता, आपला तोल कोणत्या क्षणी गेला हे तो पाहू लागला तर पुन्हा मागे जाईल, आणि कदाचित वर्षभर मागे जात राहील. जिंकण्याचे साधन हातात असताना ते न वापरणे हा येथील त्याग आहे. अपमानाची जी कळ उठते ती विद्येचाच भाग आहे. कारण जोपर्यंत ती उठते तोपर्यंत शरीर आवळते, आणि आवळलेले शरीर ऐकू शकत नाही.

परंतु हरण्याचीही एक खोटी तऱ्हा आहे. गुरूने हात लावताच शिष्य लांब उडून पडतो, अशी दृश्ये या विद्येच्या प्रदर्शनांत पुष्कळ दिसतात. त्यांतील काही कौशल्याची असतात, काही आदराची. शिष्य जाणूनबुजून लबाडी करतो असे नाही. गुरूचा जोर यावा ही त्याची इच्छाच त्याला मागे लोटते. वर्षानुवर्षे असे घडले की गुरूलाही आपल्या स्पर्शात विलक्षण काही आहे असे वाटू लागते, आणि त्याला खरे सांगणारा हात त्याच्या आसपास उरत नाही. एप्रिल २०१७ मध्ये चेंगडू येथे आधुनिक मिश्र युद्धप्रकारातील एका खेळाडूने ताइचीचा गुरू म्हणविणाऱ्या एका गृहस्थाला काही सेकंदांतच जमिनीवर आणले. त्याचे चलच्चित्र जगभर पाहिले गेले आणि चीनमध्ये मोठा वाद माजला. त्या पराभवाने सारी विद्या खोटी ठरली असे म्हणणे अविचाराचे होईल. पण भक्तीने पडणारे शिष्य आपल्या गुरूचे किती नुकसान करतात हे त्यातून दिसून आले. गुरुभक्तीची थोर परंपरा असलेल्या भारतीय समाजालाही हा प्रश्न परका नाही. आदरापोटी उच्चारलेले असत्य हे असत्यच असते, आणि ज्याचा आदर करावयाचा त्यालाच ते आंधळे करते. थुइशोउत प्रामाणिकपणे उभे राहणे, जोर लागला तरच हलणे, लागला नाही तर न हलणे, हे शिष्याचे गुरूप्रति कर्तव्य ठरते. खोटे न पडणे हाही आदराचाच प्रकार आहे.

आता या विचाराची मर्यादा पाहिली पाहिजे. थुइशोउतील दोघे स्वेच्छेने समोरासमोर येतात. दोघांना समान नियम असतात. आणि कोणीही हात खाली घेऊन थांबू शकतो. या तीन अटी नसतील तेथे हा दृष्टांत लागू करणे धोक्याचे आहे. 'नमते घे' हा उपदेश समाजात बहुधा वरून खाली जातो. तो सुनेला केला जातो, सासूला क्वचित. मजुराला केला जातो, मालकाला जवळजवळ कधीच नाही. ज्याला रेटण्याची मुभाच दिलेली नाही त्याला वळण्याचे माहात्म्य सांगणे म्हणजे त्याला कोसळण्यास सांगणे होय, आणि या उपदेशाला तत्त्वज्ञानाची भाषा लाभली की तो अधिकच निर्दय होतो.

खुद्द चेनजियागौला हा प्रश्न चुकला नाही. चेन झाओपी (१८९३–१९७२) हे १९५८ मध्ये आपल्या गावी परतले, आणि विद्या विझत चालली आहे असे पाहून तरुणांना शिकवू लागले. १९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांतीची लाट उसळली. जुन्या कला सरंजामी ठरल्या. वृद्ध गुरूंची विटंबना झाली आणि चेन झाओपी यांचाही छळ झाला. ज्या जमावाला समोरच्याचे काही ऐकावयाचे नसते त्याच्याशी हात जोडून वर्तुळ काढता येत नाही. तेथे त्यांची सारी कौशल्ये निरुपयोगी होती. तरीही त्यांनी घडविलेल्या पिढीतून पुढे ही विद्या जगभर गेली, आणि डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोने ताइचीच्वानचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या सूचीत केला. या कथेवरून 'अखेर मृदुतेचाच विजय होतो' असा बोध काढण्याचा मोह होतो. तो आवरलेला बरा. ज्या वृद्धाने सोसले त्याचे सोसणे या सूचीने भरून निघत नाही, आणि त्या वर्षांत गेलेले अनेक जण कोणत्याही सूचीत नाहीत. एवढेच म्हणता येते की त्यांनी जोराला शरण जाताना आपल्या विद्येशी असलेला संपर्क सुटू दिला नाही. नमणे आणि कोसळणे यांतील भेद जेव्हा इतर कोणत्याही खुणेने ओळखता येत नाही, तेव्हा हीच एक खूण उरते.

तेव्हा मूळ प्रश्नाचे उत्तर असे द्यावे लागेल: नमणे शिकण्यासाठी आघात शिकावा लागतो, कारण त्यावाचून आपले नमणे खरे की खोटे हे आपल्यालाच कळत नाही. पण केवळ आघात शिकूनही ते कळत नाही. त्यासाठी समोर दुसरा माणूस हवा. तो खरे सांगणारा हवा. आणि त्यालाही आपल्याइतकाच रेटण्याचा अधिकार हवा. यांपैकी पहिली गोष्ट साधनेने मिळते, दुसरी मैत्रीने, आणि तिसरी समाजाने न्यायाने द्यावयाची असते. साधक कितीही थोर असला तरी ती तिसरी गोष्ट तो एकट्याने निर्माण करू शकत नाही. मृदुतेची शिकवण देणाऱ्याने ती ज्याला देतो त्याच्या पायाखाली जमीन आहे की नाही, हे आधी पाहिले पाहिजे.

चेन घराण्याचा तो जुना क्रम ज्या हालचालीने सुरू होतो, तिच्यावरच पुन्हा येऊन थांबतो. वज्रधर रक्षक पुन्हा एकदा उखळात कांडतो. उखळात धान्य घालतात ते चिरडण्यासाठी नव्हे. दाणा राखून त्यावरचे टरफल काढण्यासाठी. मुसळ हलके पडले तर टरफल निघत नाही, आणि रागाने पडले तर दाणाच फुटतो. किती भाराने ते खाली सोडावयाचे हे कांडणाऱ्याच्या हाताला माहीत असते, आणि ते त्याला रोज कांडल्यामुळेच माहीत झालेले असते.